नेच्याची ओळखपरेड

दगडी कोळशाच्या खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यात नेच्याच्या पानाचा ठसा असलेला दगड सापडला, की हौशी संग्राहकाच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी पक्क्या होतात. हे पान फार जुने आहे, ही पहिली. असे पान आजवर कुणालाच सापडलेले नाही, ही दुसरी. पहिली बहुतेक वेळा खरी निघते. मग तो दगड वर्तमानपत्रात गुंडाळून भूशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडे नेला जातो आणि 'सर, हे काय आहे?' असे विचारले जाते. विचारणाऱ्याला नाव हवे असते, शक्यतो लॅटिन, आणि त्या नावात आपले आडनाव कुठेतरी बसेल अशी पुसटशी आशाही असते. सरांना मात्र नावाकडे वळण्याआधी काही हलकी कामे उरकायची असतात. हा जीवाश्म आहे का? असल्यास पान आहे का? आणि पान असल्यास नेच्याचे आहे का? यांपैकी कोणत्याही टप्प्यावर नमुना बाद होऊ शकतो, आणि बाद झाल्याचे सांगण्याची वेळ चहा येण्याआधी की नंतर, एवढाच निर्णय प्राध्यापकाच्या हातात उरतो.

पहिल्या टप्प्यावर गारद होणाऱ्यांत सर्वांत देखणा नमुना म्हणजे डेंड्राइट. दगडातल्या बारीक भेगेत मँगनीज किंवा लोहाची खनिजे मिसळलेले पाणी झिरपते, आणि ती खनिजे फाटे फोडत स्फटिकरूपाने पसरतात. भेग उघडली की फिकट दगडावर काळ्याभोर, नाजूक नेच्याचे चित्र दिसते. कुणा चित्रकाराने इतक्या निगुतीने काढले नसते. दख्खनच्या अकीकातही असलीच हिरवी-काळी झुडपे दिसतात, आणि त्यांना वनस्पती म्हणणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले आहेत. महाराष्ट्राचा बराच भाग साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने झाकलेला आहे, आणि तापलेल्या लाव्हात पडलेले पान ठसा उमटवण्याइतका वेळ टिकत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. डेंड्राइट ओळखण्याची रीत सोपी आहे. पानाला शिरा असतात, मध्यशीर असते, आणि पर्णिका दांड्याला ठरलेल्या पद्धतीने लागतात. मँगनीज असली कोणतीही शिस्त पाळत नाही. ते भेगेच्या कडेपासून सुरू होते आणि वाट मिळेल तिकडे जाते. 'पण हे तर हुबेहूब नेच्यासारखे आहे,' असा युक्तिवाद यावर हमखास होतो. अडचण नेमकी तीच आहे. खरे जीवाश्म इतके हुबेहूब क्वचितच असतात. ते अर्धे तुटलेले, मुडपलेले, आणि नेमक्या महत्त्वाच्या जागी चिखल लागलेले असतात.

खऱ्या मालासाठी कोळशाचा पट्टा गाठावा लागतो. हौशी मंडळींची पंढरी अमेरिकेत, इलिनॉय राज्यात शिकागोच्या नैर्ऋत्येला आहे. तिचे नाव मेझन क्रीक. तिथे उघड्या खाणींतून कोळसा काढताना वरचा शेल खडक खोदून बाजूला टाकला गेला. पावसापाण्याने तो झिजत गेला आणि त्यातून सिडेराइट या लोहयुक्त खनिजाचे गुळगुळीत गोळे उघडे पडले. यांतल्या काही गोळ्यांच्या पोटात सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचे पान असते. गोळा हातोड्याने फोडला तर तो कुठेही फुटतो, आणि कुठेही म्हणजे बहुधा पानाच्या मधोमध. म्हणून तिथल्या संग्राहकांनी एक घरगुती पद्धत बसवली. गोळे पाण्यात भिजत घालायचे, फ्रीजरमध्ये गोठवायचे, बाहेर काढून वितळू द्यायचे, की पुन्हा आत. भेगांतले पाणी गोठताना फुगते. जीवाश्म ज्या पातळीवर पडलेला असतो ती गोळ्यातली सर्वांत कच्ची जागा असल्याने गोळा पुष्कळदा नेमका तिथेच उघडतो. काही गोळे थोड्या फेऱ्यांत शरण येतात, काही हिवाळ्यामागून हिवाळे दाद देत नाहीत, आणि पुष्कळसे उघडल्यावर रिकामे निघतात. फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या जागी दगड भरल्याबद्दल घरच्या मंडळींचे काय म्हणणे होते, याची नोंद शास्त्रीय वाङ्मयात नाही.

संग्राहकांची आशा अगदीच निराधार असते असेही नाही. याच ढिगाऱ्यांत फ्रान्सिस टली नावाच्या हौशी माणसाला १९५०च्या दशकात एक चमत्कारिक प्राणी सापडला. सोंडेसारखे तोंड, आडव्या दांडीच्या टोकांना डोळे. १९६६ साली त्याचे रीतसर नाव ठेवले गेले ते टलिमॉन्स्ट्रम, म्हणजे टलीचा राक्षस. आज तो इलिनॉयचा अधिकृत राज्य-जीवाश्म आहे. तो प्राण्यांच्या कोणत्या गटात बसतो यावर अजून एकमत नाही. तेव्हापासून मेझन क्रीकच्या परिसरात कोणत्याही संग्राहकाला 'हे नेहमीचेच आहे' असे पटवणे अवघड होऊन बसले आहे.

दुसरा टप्पा पानाचा. कोळशाच्या जंगलात पानांखेरीज खोड, मुळे, बिया, शंकू असे बरेच काही होते, आणि सगळेच दगडात उतरले. लेपिडोडेंड्रॉन या प्रचंड वृक्षाच्या सालीवर पाने गळून पडलेल्या जागी चौकटीच्या नक्षीचे वण उरत. साल सापडली की ती सापाची, मगरीची किंवा मोठ्या माशाची कातडी ठरते. सापडणाऱ्याच्या घरी लहान मुले असतील तर मगरीची शक्यता वाढते. अ‍ॅन्युलारिया नावाचा दुसरा नमुना म्हणजे एका बिंदूभोवती गोलाकार मांडलेल्या अरुंद पानांचे चक्र. ते इतके गोंडस दिसते की त्याला फूल म्हणण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. प्रत्यक्षात ती कॅलामाइट्स या वृक्षाची पाने, आणि फुलझाडे पृथ्वीवर अवतरायला त्यानंतर सतरा-अठरा कोटी वर्षे जायची होती. हे ऐकून संग्राहक दगड एकदा निरखतो आणि 'मग हे पहिले फूल असेल का?' असे विचारतो.

हे सगळे गाळून उरलेला नमुना खरोखर नेच्याच्या वळणाचे पान असेल, तर मुख्य काम सुरू होते आणि ते दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगाने होते. पान अखंड मिळत नाही. मिळतो तो एखाद्या फाट्याचा तुकडा, किंवा नुसती एक पर्णिका, म्हणजे पानाच्या सर्वांत लहान विभागांपैकी एक. त्या पर्णिकेचे टोक पाहून काही कळत नाही, तरी सगळे आधी टोकच पाहतात. पाहायचे असते बुडाकडे: ती दांड्याला कशी चिकटली आहे? कडा समांतर आणि बूड सगळ्या रुंदीने दांड्याला लागलेले असेल तर पेकोप्टेरिस. बूड हृदयाच्या आकाराचे होऊन जेमतेम एका बिंदूपाशी टेकलेले असेल तर न्यूरोप्टेरिस. बूड रुंद असून खालच्या बाजूने दांड्यावर ओघळत शेजारच्या पर्णिकेला जाऊन मिळत असेल तर अ‍ॅलेथोप्टेरिस. पाचरीसारखे निमुळते बूड आणि कडेला खाचा असतील तर स्फेनोप्टेरिस. मध्यशीरच नसेल आणि अनेक शिरा बुडातून एकदम वर निघत असतील तर ओडोन्टोप्टेरिस. ही सारी व्यवस्था फ्रान्समध्ये अ‍ॅडॉल्फ ब्रोंन्यार याने १८२०च्या दशकात लावून दिली. आकार आणि शिरा, एवढ्यावरच. त्याच्या हाती दुसरे काही नव्हते. दोनशे वर्षांनीही बहुतेक संग्राहकांच्या हाती दुसरे काही नसते, त्यामुळे ती अजून चालते.

एक पर्णिका जवळून पाहण्याजोगी आहे. मेझन क्रीकच्या गोळ्यात बोटभर लांबीची, जिभेच्या आकाराची, एकटीच पडलेली एक पर्णिका नेहमी सापडते. मध्यशीर ठळक असते, पण टोकापर्यंत पोचण्याआधीच विरून जाते. तिच्यातून बारीक शिरा कमानीने वळत कडेला जातात. या शिरांना न जुमानता पर्णिकेवर आडवेतिडवे, काही मिलिमीटर लांबीचे बारीक ओरखडे पसरलेले असतात. उत्साही माणूस हे ओरखडे आपल्याच ब्रशचे समजून हळहळतो. प्रत्यक्षात ते केस आहेत. जिवंतपणी या पानावर लव होती. केस दिसले की मॅक्रोन्यूरोप्टेरिस शॉयख्झेरी हे नाव निःशंकपणे द्यावे. एवढा ठाम निवाडा या क्षेत्रात वारंवार मिळत नाही, म्हणून जाणकारही तो जरा मोठ्या आवाजात देतात.

इतर वेळी आवाज खाली येतो, आणि त्याला मुख्य कारण छायाचित्र. दगड आणून दाखवण्याऐवजी त्याचा फोटो पाठवण्याची रीत आता पडली आहे. फोटो दुपारच्या उन्हात वरून काढलेला असतो, त्यामुळे शिरा गायब. शेजारी मापासाठी काहीच नसते, किंवा असतो तो फोटो काढणाऱ्याचा अंगठा, ज्याचे माप जगात कुठेही प्रमाणित झालेले नाही. तिरपा उजेड टाकून, मिलिमीटरची पट्टी ठेवून, पर्णिकेच्या बुडाचा जवळून एक स्पष्ट फोटो काढला तर निम्मे प्रश्न मिटतात. तसा फोटो शक्यतो येत नाही. त्याऐवजी त्याच दुपारच्या उन्हातले आणखी बारा फोटो येतात.

प्रजातीचे नाव ठरले तरी जातीचे ठरेलच असे नाही, आणि संग्राहकाची खरी निराशा इथे सुरू होते. एकाच झाडाच्या एकाच पानावर टोकाकडच्या पर्णिका वेगळ्या, बुडाकडच्या वेगळ्या असत. न्यूरोप्टेरिसच्या दांड्याच्या तळाशी चक्क गोल पाने येत, आणि ती सुटी सापडल्याने त्यांना सायक्लोप्टेरिस असे स्वतंत्र नाव मिळून बसले. मेड्युलोसा या झाडाची कथा तर आधार कार्डावर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि सातबाऱ्यावर तिसरेच नाव असलेल्या गृहस्थाची आहे. खोड सापडले तर मेड्युलोसा, पानाचा देठ सापडला तर मायलोक्झायलॉन, पान सापडले तर अ‍ॅलेथोप्टेरिस किंवा न्यूरोप्टेरिस, बी सापडली तर ट्रायगोनोकार्पस. सारे अवयव एकाच झाडाचे, हे अनेक दशकांनी कळले. तोवर नावे छापून झाली होती, आणि छापलेले नाव शास्त्रातही सहजासहजी काढता येत नाही. म्हणून जाणकार चिठ्ठीवर 'पेकोप्टेरिस, जाती अनिश्चित' असे लिहून सही करतो. संग्राहकाला वाटते की माणसाला येत नसावे. तो दगड घेऊन दुसऱ्या प्राध्यापकाकडे जातो. दुसऱ्याने छातीठोकपणे पूर्ण नाव दिले तर तो अधिक विद्वान ठरतो. जाती अनिश्चित लिहायला जास्त वाचन लागते, हे कुणी लक्षात घेत नाही.

तिसरा टप्पा राहिला, आणि त्यात संग्राहकाइतकेच शास्त्रज्ञही तोंडघशी पडले आहेत. एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या काळाला 'नेच्यांचे युग' म्हटले जाई, कारण सापडणाऱ्या पानांत सगळीकडे नेचेच दिसत. खऱ्या नेच्याच्या पानामागे बीजाणूंच्या पुळ्या असतात. व्हिएन्नाच्या डायोनिस श्टूर याने १८८३ साली एक गैरसोयीची गोष्ट बोलून दाखवली. न्यूरोप्टेरिस, अ‍ॅलेथोप्टेरिस असल्या पानांमागे अशा पुळ्या कधीच सापडत नाहीत, तेव्हा हे नेचे नसावेत. लोकांनी ऐकून घेतले. मग १९०३ साली इंग्लंडमध्ये एफ. डब्ल्यू. ऑलिव्हर आणि डी. एच. स्कॉट यांनी कोळशातल्या एका सुट्या बीवरच्या गाठीदार ग्रंथी तपासल्या. तशाच ग्रंथी एका तथाकथित नेच्याच्या खोडावर आणि पानांवर होत्या. बी त्या झाडाचीच होती, आणि नेच्याला बी येत नाही. 'नेच्यांच्या युगा'तली बरीचशी पाने अशा रीतीने एका फटक्यात नेच्यांतून बाद झाली. त्यांना 'बीजी नेचे' म्हणू लागले. नेचे नाहीत हे सिद्ध झाल्यावर ठेवलेले हे नाव आहे, आणि शासकीय समित्यांच्या नामकरणाशी परिचय असलेल्या वाचकाला त्याचे आश्चर्य वाटणार नाही. पेकोप्टेरिसच्या अनेक जाती मात्र खऱ्या नेच्याच्या निघाल्या. सोरोनियस नावाच्या वृक्षनेच्याची ती पाने. त्यांच्या मागे बीजाणूंच्या पुळ्या नीट ओळीत बसलेल्या दिसतात, आणि असा दगड हाती आला तर तो उलटसुलट करून पाहण्यात अर्थ आहे.

चुकांच्या बाबतीत सर्वांत वडीलधारे नाव स्वित्झर्लंडच्या योहान याकोब शॉयख्झरचे. १७०९ साली त्याने जीवाश्म वनस्पतींचा सुरेख चित्रग्रंथ काढला आणि ही सारी पाने बायबलमधल्या नोहाच्या महापुरात बुडालेली आहेत असे सांगितले. त्या काळी वाद महापूर आला का हा नव्हता, तो कोणत्या महिन्यात आला हा होता. इंग्लंडमधल्या जॉन वुडवर्डच्या मते वनस्पतींची अवस्था पाहता मे महिन्यात. पुढे १७५७ साली जेम्स पार्सन्सने पिकलेली फळे दाखवून शरद ऋतू पुढे केला. शॉयख्झरने १७२६ साली त्याहून मोठी मजल मारली. एक सांगाडा सापडला, तो पुरात बुडालेल्या पापी माणसाचा म्हणून त्याने प्रसिद्ध केला. १८११ साली फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएने तो कोरून साफ केला तेव्हा आतून भला मोठा सॅलॅमँडर निघाला. त्या सॅलॅमँडरला आज शॉयख्झरचेच नाव आहे, आणि वर सांगितलेल्या केसाळ पर्णिकेलाही. ओळख चुकल्याने नाव राहत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भारतात शोध घेणाऱ्याच्या हाती न्यूरोप्टेरिस सहसा येत नाही. इथल्या गोंडवन कोळशात राज्य करते ते ग्लॉसोप्टेरिस. जिभेसारखे सरळ पान, मधोमध जाड शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. मध्यशीर नसेल तर त्याचा भाऊबंद गँगामोप्टेरिस. ब्रोंन्यारने १८२८ साली भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून ग्लॉसोप्टेरिसचे नाव ठेवले आणि ते नेचा म्हणूनच ठेवले. हाही नेचा नव्हे. १९५२ साली दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांनी पानांना जोडलेले प्रजननाचे अवयव दाखवून दिले. त्याआधी, १९१२ साली, कॅप्टन स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मेली, तेव्हा प्रेतांजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. ओझे कमी करण्यासाठी त्यांनी पुष्कळ सामान टाकले होते, हे टाकले नव्हते. ते गोळा करण्यात पुढाकार होता डॉक्टर एडवर्ड विल्सन यांचा. त्यांना दगडातली पाने बीच वृक्षाच्या पानांसारखी वाटली. १९१४ साली वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांनी ती ग्लॉसोप्टेरिस म्हणून ओळखली, आणि अंटार्क्टिका व भारत एकेकाळी जोडलेले होते या मताला मोठा आधार मिळाला. दगडाचे ओझे घरी आणल्याबद्दल बोलणी खाणाऱ्या संग्राहकांनी हा दाखला जपून वापरावा.

महाराष्ट्रातला मान नागपूरकडे जातो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४०च्या दशकात नागपुरात आले आणि धर्मप्रसारातून उरलेल्या वेळात टाकळी, कामठी, सिल्लेवाडा या भागांतले दगड फोडू लागले. पेशाने ते भूशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी लंडनला पाठवलेली पाने चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली प्रसिद्ध केली. त्यांतल्या एका लांबट पानाला नोगेराथिया हिस्लॉपी असे नाव मिळाले. दोनच वर्षांनी हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून वारले. पानाचे नाव पुढे नोगेराथिऑप्सिस झाले, मग काहींनी कॉर्डाइट्समध्ये घातले. प्रजाती बदलत गेली, हिस्लॉपी मात्र कुणी काढले नाही. नागपुरातल्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्या हजारोंपैकी किती जणांना हे पान माहीत आहे, हा प्रश्न परीक्षेत विचारलेला नाही.

खरा नेचा या प्रदेशात अजिबात नाही असे नाही. नागपूरला लागूनच मध्य प्रदेशात सौंसर आहे. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या चर्ट दगडातून बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी १९४३ साली अझोला इंटरट्रॅपिया वर्णिला. गोठ्यात जनावरांना घालतात त्या अझोल्याचा हा नातलग, आणि नेचा असल्याबद्दल त्यात शंका नाही. फक्त तो ओळखला गेला सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या बीजाणूंच्या बारीक गोळ्यांवरून. नेचा अगदी नक्की मिळाला तेव्हा दिवाणखान्यात मांडण्याजोगे पान त्यात नव्हते.

चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी या बाजूंच्या पुष्कळ घरांत पानाचा ठसा असलेला दगड कपाटात पडलेला असतो. खाणीत काम केलेल्या कुणीतरी तो आणलेला असतो आणि कुठून आणला हे त्या एकालाच माहीत असते. खाणीत परवानगीशिवाय शिरून आणखी दगड आणायला जाऊ नये. असलेल्या दगडामागे, कोऱ्या बाजूला, खाणीचे नाव, कोळशाच्या थराच्या वर सापडला की खाली, आणि साल, एवढे पक्क्या शाईने आजच लिहून ठेवावे. आणणारे काका-मामा हयात असतील तर त्यांनाच विचारून लिहावे. नाव पुढे कुणीही देईल. ठिकाण नसलेल्या दगडावर मात्र कोणताही जाणकार वेळ घालवत नाही. आणि दगडाला वार्निश लावू नये.